काढ्याने बरं झालेलं नाक

अहो,

दूध तापवून झाकून ठेवलंय, त्याकडे नंतर बघा. आधी शिंपीणकाकूंकडे या. मी पुढे जातेय.

तुमची कामाची पँट धुवायला घेतली, तर खिशात अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी निघाली. म्हणजे कामावरच्या लाकडाच्या भुशाने येणाऱ्या तुमच्या शिंका माझ्या आल्या-हळदीच्या काढ्याने थांबल्याच नव्हत्या. रोज पेला रिकामा करून "वा, नाक कसं मोकळं झालं" म्हणायचात, ते माझं मन राखायला. रागावले नाही हो. हसूच आलं, आणि हसता हसता एकदम काकू आठवल्या.

कारण तुमचं नाक दाखवूनच मी काकूंच्या गळी तो काढा उतरवला. "देवाने मुळ्या उगाच का निर्माण केल्यात? तो दम्याचा पंप ठेवा कपाटात," असं अगदी रंगात येऊन सांगितलं. त्या पडल्या भोळ्या, त्यांनी ठेवला. आज सकाळपासून त्यांचं मशीन वाजलेलं नाही आणि फोनही उचलत नाहीत. डॉक्टरांना तिकडेच बोलावलंय.

देव धावून येतो खरा, पण त्यालाही कुणाचे तरी पाय लागतात. तुम्ही पाय उचला.

मी पंप हातात दिला तरी काकू घेणार नाहीत, काढ्यावर त्यांची माझ्यापेक्षा जास्त श्रद्धा बसलीय. खरं काय ते तुमच्याच तोंडून ऐकू देत. पट्टी टेबलावर ठेवलीय, ती घेऊन या. आजची गोळी त्यांच्यासमोर घ्या, आणि माझ्यासमोरही.