नडगीची परीक्षा

बाबा, रविवार, १५ जानेवारी २०१७, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. डहाणूच्या मैदानावर, मांडवात, दोनशे माणसांदेखत, तुमच्या शिंदीच्या काठीने एका मुलीची नडगी मोडली. काठी घरून मी नेली होती.

वीस वर्षांची होती ती. तलासरीकडच्या पाड्यातली, फुग्यांच्या कारखान्यात कामाला, आपल्या फुटबॉल क्लबच्या पहिल्या महिला संघाची सेंटर फॉरवर्ड. क्लबचा इतिहास मी लिहिला, निवृत्त मास्तरणीला दुसरं काय सांगणार? त्यात तुमचा, क्लबच्या संस्थापकाचा, देव करून ठेवला. ओहोटी लागली की वाळूत सुरूच्या खांबांचे गोलपोस्ट उभे राहायचे, चिकूच्या पेट्या वॅगनमध्ये चढवून हमाल तसेच खेळायला यायचे, भरतीचं पाणी पायाला लागलं की सामना संपायचा. मच्छीमार, हमाल, बागायतदार एका बॉलमागे धावले ते तिथेच. हे खरं आहे. पण नव्या खेळाडूच्या नडगीवर तुम्ही तीन फटके मारायचात, पाय मागे घेणारा संघाबाहेर, यालाही मी 'शिस्त' म्हटलं. क्लबच्या सेक्रेटरीने ते वाचलं आणि महिला संघाच्या उद्घाटनाला तेच करायचं ठरवलं.

मला वाटलं, काठी नुसती टेकवतील, फोटो काढतील. पहिला फटका हलकाच होता. मुलगी हसली. "जोरात मारा की सायेब, माशी हाकलता काय?" सगळा मांडव हसला, ते सेक्रेटरीला झोंबलं. दुसरा त्याने दोन्ही हातांनी मारला. हाड कातडी फाडून बाहेर आलं. पाय तिने तरीही मागे घेतला नव्हता. तिची आई धावली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. क्लबच्या दोघा पोरांनी त्या बाईला केसांना धरून ओढलं, पोटात लाथा घातल्या. मग मी टेबलावरची ट्रॉफी उचलली आणि सेक्रेटरीच्या तोंडावर हाणली. दोन दात पडले. शाळेत नन्सनी मला शिकवलेलं सगळं त्या एका क्षणात वाया गेलं, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

तोंडातून रक्त गाळत ती आई मला म्हणाली, "आता मारता, बाई? काठी देताना हात झडला नाही तुमचा?"

सेक्रेटरी काल घरी आला होता, ओठाला टाके घालून. "काकू, पोरीचा पाय घसरला म्हणा. परंपरा तुमच्याच बाबांची आहे. नाव कोणाचं खराब होईल?" त्याला मी दारातूनच घालवलं. पण रात्रभर मला माझ्या लहानपणीचा, तुमच्या संघात आलेला रानशेतचा तो हाफबॅक दिसत राहिला. आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसलाय, आई त्याच्या सुजलेल्या पायाला हळद लावतेय, आणि तुम्ही दारात उभे राहून म्हणताय, "पाय मागे घेतला असता तर वाचला असता." जन्मभर लंगडला तो. इतिहासात मी त्याला घेतलंच नाही.

गुरुवारी सकाळी अकराला मला पोलिसांत जबाब द्यायचाय. काठी कोणाची, कोणी आणली, कशासाठी, सगळं सांगणार आहे. क्लब बुडाला तर बुडू दे. हा कागद कोणत्या पत्त्यावर टाकायचा ते मला कळत नाही, तरीही त्या वेळेच्या आत मला तुमचं लेखी उत्तर हवं. फटके मोजायला तुम्ही मला ओट्यावर उभं करायचात. मी सात वर्षांची होते. त्या हाफबॅकचे तीन झाले होते, आणि मजा म्हणून मी "चार" ओरडले. तुम्हालाही मोजता येत होतं ना, बाबा? मग चौथा का मारलात?