ओदेरोच्या विटांचा खड्डा

प्रिय ओदेरो, माझ्या धाकट्या नवऱ्या,

नातवाला नवरा म्हणायची आपल्याकडची चेष्टा. तू मात्र खरोखरच नवऱ्यासारखा वागलास, घर अर्धवट टाकून गेलास. हे पत्र आपोंडी मास्तरीण लिहितेय. शिवी आली की ती लिहायची थांबते, म्हणून शिव्या मनातच ठेवते.

मंगळवारी बाजारात रेडिओवर तुझा आवाज आला. घराजवळ पाणी साचू देऊ नका, तिथेच डास अंडी घालतात. किसुमूच्या हिवताप-निर्मूलनाच्या ऑफिसात बसून केवढा शहाणा झालास. मासेवाली अदोयो म्हणाली, "आजी, नातवाला विचारा, त्याच्या खड्ड्यात काय कोंबड्या अंडी घालतात?" सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

विटांसाठी अंगणालगत माती काढलीस, छातीएवढ्या भिंती उभ्या केल्यास, त्याला दोन वर्षं झाली. दर डिसेंबरात येतोस, विटांवर हात फिरवतोस आणि जातोस. खड्डा काठोकाठ भरलाय, वाकून पाहिलं की अळ्या वळवळताना दिसतात. तुझी फवारणीवाली माणसं आली, माझ्या खोलीच्या भिंती फवारून गेली. खड्डा बुजवा म्हटलं, तर मुकादम टोपी काढून म्हणाला, "आजी, खड्डा साहेबांचा. साहेबांना कोण सांगणार?" म्हणजे गावाचे खड्डे डासांचे, तुझा तेवढा साहेबांचा.

तुझी लेक अकेलो मच्छरदाणीतच झोपते. पण चार वर्षांची पोर, दिवेलागणीला अंगणात खेळणारच. या पावसात तिला तीनदा हिवताप आला. तिसऱ्या वेळी तिने मला ओळखलं नाही. पाठीला बांधून दवाखान्यात नेलं, तर वाटभर तुला हाका मारत होती. हे फोनवर सांगितलं नाही. तू 'हो आजी, बघतो आजी' म्हणतोस आणि माझा राग विरघळतो. कागदावर तो टिकेल.

आता ती पेज नको म्हणून भांडते, म्हणजे बरी आहे. पण पाऊस संपलेला नाही, आणि चौथा ताप मला बघायचा नाही. म्हणून दवाखान्यातून आल्यापासून तुझ्या घराच्या विटा काढून खड्ड्यात टाकतेय. चिखलात बसवलेल्या, हलवल्या की निघतात. गावातले म्हातारे आले, बाईने पुरुषाच्या भिंतीला हात लावू नये म्हणाले. म्हटलं, मग तुम्ही लावा. गेले निघून. पुढची भिंत गुडघ्यापर्यंत उतरली, खड्डा अर्धाही भरला नाही, आणि माझी कंबर आता वाकत नाही. हे कळवायलाच पत्र. येताना छपराचे पत्रे आणू नकोस. फावडं आण. आणि डिसेंबरची वाट बघू नकोस.

तुझीच,
तुला अजून न टाकलेली म्हातारी बायको