आतून भरलेली भेग

वरसे, रोहा
११ मे २०२५

ती. रंभाताईस,

निकेशचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, उकाड्याने तेवढे हैराण आहोत. नमिताने आंबोशी वाळत घातली आहे, ती तुला पाठवते आहे. भावोजींना नमस्कार लिहीत नाही, कारण हे पत्र त्यांनी वाचू नये असं मला वाटतं. म्हणून तर पोस्टात न टाकता मनालीच्या हाती देतोय. नमिताची ही बहीण तुमच्या हमरापुरातच गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला येते, ती तुला एकटीला गाठून देईल. फोन केला असता, पण तुझा फोन हल्ली भावोजीच उचलतात आणि स्पीकरवर टाकतात.

नमिता म्हणते, मला दूध उतू गेलं तरी त्यात कुणाचा तरी हात दिसतो. असेल माझा स्वभाव. पण मार्चमध्ये भावोजींनी आपणहून गाडी देऊ केली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मूर्ती घेऊन पुण्याला गेलं की तिथेच मुक्काम करता यावा म्हणून त्यांनी किती हौसेने त्या जुन्या मिनीबसचं घर केलं होतं. फळीचा पलंग, शेगडी, खिडक्यांना पडदे. आणि एकदम म्हणाले, घेऊन जा, कोलाडला नदीवर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने दे, इथे नुसती जागा अडवते आहे. ज्या माणसाने मला कधी चहासुद्धा मोजून पाजला, तो अख्खी गाडी देतोय. मी घ्यायला आलो तेव्हा तू दारातसुद्धा आली नाहीस. मला वाटलं, गाडीत खोट आहे, ते तुला माहीत आहे आणि भावाच्या तोंडाकडे बघवत नाहीये.

खोट निघालीच. इथे आणून पाइपाने धुतली तर समोरच्या काचेच्या कडेने पाणी धार लावून आत आलं आणि पलंगाची उशीकडची बाजू भिजली. तुम्ही डावीकडची सीट काढून पलंग अगदी काचेपर्यंत नेलाय ना, तिथेच. कोलाडच्या मेकॅनिकने काचेला हात लावायला नकार दिला. जुनी काच हाय, तडकली तर मी भरून देनार नाय, म्हणाला. मला त्याचाही संशय आला, की ही गाडी याने आधी बघितलेली दिसते. मग पेणहून काचेचं नवीन रबर आणलं आणि घरीच बसवायचं ठरवलं.

जुनं रबर कटरने कापायला घेतलं तर कटर अडकला. आतल्या बाजूने, काच आणि रबराच्या मध्ये काहीतरी कडक भरलेलं होतं, वरून काळा रंग मारून. खरवडलं तर पांढरी भुकटी पडली. प्लास्टर, आणि त्यात काथ्याचे तंतू. ताई, काचेची फट प्लास्टरने भरायची बुद्धी तुमच्या पेणकडच्या मूर्तीवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला होणार? प्लास्टर पाणी पितं, त्याखाली पत्र्याची कड गंजून गेली होती. माझं डोकंच फिरलं. मला फसवायला खोट झाकून गाडी गळ्यात मारली, असं मी नमितासमोर बडबडलो, आणि तुमच्या दोघांचं नाव घेतलं. लगेच भावोजींना फोन लावला. ते थंडपणे म्हणाले, "नुसती उभी होती रं ती दोन वर्षं. कोण बसतंय तिच्यात?" मागे तू खोकलीस, म्हणजे तूही ऐकत होतीस. मी ठरवलं, आता भाऊबीजेलासुद्धा हमरापूरची पायरी चढायची नाही.

रागारागातच कामाला लागलो. काच काढली, गंज घासला, रंग दिला, वाळू दिला. मग काचेभोवती नवीन रबर चढवलं. त्याच्या खाचेत नायलॉनची दोरी बसवतात, सगळीकडे साबणाचं पाणी लावतात. एकाने बाहेरून काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे दोरी जिथून निघते तिथे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. बाहेर नमिता आणि शेजारचा पोरगा पोपट, आत पलंगावर मी. दोरी ओढतानाही माझी टकळी चालूच होती, की बघ कसं बेमालूम भरलं होतं, म्हणजे गिऱ्हाइकाला कळू नये.

नमिता बाहेरून काच दाबता दाबता म्हणाली, "अवो, गिऱ्हाइकाला फसवायचं तर बाहेरून भरतील ना? आतून कोण भरील? जो आत झोपलाय आणि भिजतोय, तोच."

दोरी तशीच सोडून मी खाली उतरलो आणि केरात टाकलेले प्लास्टरचे तुकडे उचलून बघितले. एकावर एक थर होते. वर काळा रंग, खाली प्लास्टर, त्याच्या आत गणपतीच्या अंगाला देतात तो फिका गुलाबी, पुन्हा प्लास्टर. म्हणजे पाणी आलं, भरलं, पुन्हा पावसाळ्यात फुटलं, पुन्हा भरलं. हाताशी जो रंग उरला असेल तो मारला. आणि कड अशी गुळगुळीत की बोट कुठे अडखळत नाही. तुमच्या घरात मूर्ती घासून गुळगुळीत करणारा असा हात एकच आहे, तुझा. भावोजी तर पोती उचलतात आणि हिशोब करतात.

मग मी मागच्या दाराकडे नीट बघितलं. इतके दिवस मी ते नुसतं उघडत आणि लावत होतो. त्याला आतून घराच्या दाराला असते तशी लोखंडी कडी ठोकली आहे. गाडीचं घर केलं तेव्हा ही कडी नव्हती. नुसत्या उभ्या गाडीला आतून कडी कशाला लागते?

ताई, तू दोन पावसाळे या गाडीत झोपत होतीस. स्वतःच्या अंगणात, दाराला आतून कडी लावून. आणि भावोजींनी गाडी मला दिली ती माझ्यासाठी नाही दिली, तुझ्याकडून काढून घेतली. आणि मी हसत हसत ती चालवत घेऊन आलो.

काय झालं ते मला माहीत नाही. मी चुकत असेन तर मला चार शिव्या दे, तुझ्या शिव्या मला गोडच लागतील. पण चुकत नसेन तर तू आता कुठे झोपतेस? एवढंच नमिता सारखं विचारते आहे.

काच नीट बसली आहे. पाइप मारून बघितलं, थेंबसुद्धा येत नाही. पण ही गाडी मी तुला झोपायला म्हणून परत आणून देणार नाही. भाऊ जिवंत असताना बहिणीने गाडीत का झोपायचं? नमिताने मधली खोली रिकामी केली आहे. तांदळाचे डबे तिने स्वतः उचलून पडवीत नेले, मला सांगितलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी मी हमरापूरला येतो. भावोजींना सांगेन, नव्याने बसवलेली काच दाखवायला गाडी आणलीये. ते तोंडावर गोड बोलतील, चहा विचारतील, मी घेईन. त्यांच्यासमोर मला काही सांगू नकोस. काही आवरायचं नाही, पिशवी भरायची नाही, आहेस तशी गाडीत येऊन बस. लगेच जमलं नाही तरी हरकत नाही. मला घाई नाही, आणि मला कुणी हाकललं तरी मी हलणार नाही.

तू बसल्याशिवाय गाडी सुरू न करणारा,
तुझा
निकेश