चार शेतं

ओलने, सेंट लॉरेन्सच्या सणानंतरचा गुरुवार, सन १३५२

चिरंजीव तिबो,

आजीचा आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून. नासपती यंदा किडक्या निघाल्या. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. पाद्र्याकडून लिहवलं असतं तर रविवारपर्यंत गावभर झालं असतं.

तुझी शपथ कळली. राजाच्या मेजवानीत, पोटात वाइन गेल्यावर, तुम्ही सरदार मंडळी उठलात आणि म्हणालात, लढाईत चार शेतांपेक्षा मागे हटणार नाही, मेलो तरी. शाबास! चार शेतं म्हणजे किती, हे तुमच्यातल्या एकानं तरी चालून पाहिलंय का?

मी पाहिलं. काल काठी टेकत आपल्या तटापासून चार शेतं चालले. दोन कोंबड्या शेवटपर्यंत मागे आल्या. मग आपल्या शिकाऱ्याला, गोतिएला, तटावरून बाण सोडायला लावला. बाण माझ्या पलीकडे गवताच्या गंजीत घुसला. गोतिए धापा टाकत आला.

"बाईसाहेब, लागला असता म्हणजे?"

"लागला नाही ना? लांब गेला की नाही, ते बोल."

"ही तर माझी सशांची धनुकली. इंग्रजांची धनुष्यं माणसाएवढी असतात. त्यांचा बाण याच्याही पुढे जातो."

म्हणजे मागे हटून तुम्ही जिथं थांबणार, तिथंच त्यांचे बाण पडणार. कळलं का, गाढवा?

आता तुझ्या आजोबांचं. फ्लँडर्सच्या लढाईत त्यांनी सगळ्यांत शेवटी मैदान सोडलं, असं त्यांच्या थडग्यावर कोरलंय. ते मी सांगितलं म्हणून कोरलं. त्यांनी सगळ्यांत आधी सोडलं. घोडा चिखलात टाकला आणि कुठल्याशा गिरणीवाल्याचा सदरा घालून मागच्या दारानं घरी आले. पुढच्या वसंतात तुझा बाप जन्मला. त्या दिवशी ते थांबले असते, तर शपथ घ्यायला तू नसतास. एवढी वर्षं हे कोणाला बोलले नाही. पाद्र्याला पापकबुलीतही नाही.

पुढचं लिहिणार नव्हते. सोमवारपासून तुमच्या छावणीकडून माणूस आलेलं नाही. घोडे येतात, खोगिरासकट, वर कोणी नाही. मी पुलावर उभी राहून एकेक पाहते. तुझा करडा अजून त्यात नाही.

शपथ मोड. लोक हसतील, हसू देत. उत्तर लिहीत बसू नकोस, स्वतः ये.

पळून आलेल्या नवऱ्याबरोबर बारा वर्षं सुखानं नांदलेली,
तुझी आजी पेरोनेल