वाघाच्या सालाचं नाणं

किहीम, १२ जानेवारी २०२६

चि. मृणालीस,
अ. उ. आ.

फोनवर आई मध्येच बोलते, म्हणून लिहितो. यंदाचं सोन्याचं नाणं आलं. घोडा आहे. न्हावा शेवा बंदरात क्रेनवर होतो तेव्हा पहिलं, शेळीचं, घेतलं होतं; चिनी पंचांगात दर वर्षी नवा प्राणी, असे आता बारा पुरे झाले. दीड ग्रॅमचं एवढंसं नाणं, पण घोड्याची आयाळ भिंगातून बघण्यासारखी आहे. शिमग्याला आलीस की दाखवतो. दवाखान्यात तापाचे पेशंट वाढलेत म्हणतेस, तर स्वतःलाही जप.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझे बाबा


श्रीवर्धन, २० जानेवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

घोड्याची खुशाली कळली. आईच्या गुडघ्याची एका ओळीत तरी कळवायची होती.

एक गोष्ट आईने मला बोलू दिली नव्हती. माझ्या नर्सिंगच्या फीसाठी तिने पाटल्या मोडल्या. लॉकरमध्ये आहेत असं तुम्हाला सांगितलं. यंदा ती कुणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही. नुसत्या काचेच्या बांगड्यांनी जायला नको वाटतं म्हणाली. मी करून देते म्हटलं तर ऐकत नाही. तुमची बारा नाणी वितळवली तर दोन पाटल्या होतील. तुमच्या जिवावर येईल, तरी विचारते.

रागावलात तरी माया कमी करू नका.
मृणाली


किहीम, ८ फेब्रुवारी

चि. मृणालीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून राग आला. तो माझा माझ्यावरच. आठ वर्षं तिचे हात मी पाहिले नाहीत.

काल तिला घेऊन अलिबागला सोनाराकडे गेलो. त्याने नाणी काट्यावर ठेवली आणि वितळवू का विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा आई म्हणाली, एवढी वर्षं जमवलेल्याचा गोळा करायचा न्हाय. मग एकेक नाणं उचलून मला साल विचारत गेली. २०२२ चा वाघ तिने बाजूला काढला. वाघच का, विचारलं. तर म्हणाली, वाघाचं काय न्हाय, पोरगी नर्स झाली ते साल हाय.

सोनाराने गळ्यात घालायला वाघाला कडी लावून दिली. पाटल्या मी वेगळ्या पैशांनी करणार आहे, ते तिला अजून सांगितलेलं नाही. एसटी स्टँडवर शेजारच्या वेणूबाई भेटल्या. आईने पदर सारून नाणं आपणहून दाखवलं. त्यांनी विचारलं, केवढ्याला पडलं? आईने तुझं नाव सांगितलं.

गुडघा बरा आहे. येत जा, लिहीत जा.
तुझे बाबा