काडीवरचा छापखाना

प्रिय बाई,

आधी खुर्ची ओढून निवांत बसा आणि पानावर बोट ठेवा. ठिपके लागले ना? म्हणजे आपलं यंत्र चाललं. हे पत्र तुम्हाला कुणी वाचून दाखवत नाहीये, तुमचं तुम्ही वाचताय, आणि माझा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच होता. मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजावर आवाज चढवून वाचण्यासारखी नाही. ती मी शेवटी विचारतो, कारण तिथपर्यंत पोचायला मला थोडं चालावं लागेल. तुम्ही मात्र मधली पानं उडवून बोट शेवटी नेऊ नका. मुद्रितं तपासताना गोष्टीच्या पुस्तकांत तुम्ही तेच करायचात, मला ठाऊक आहे.

तुमची भाचेसून गुणाची पोर आहे, तिच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. घरचं सगळं आवरून ती तुम्हाला माझी पत्रं वाचून दाखवते, वर उत्तरही लिहून धाडते. पण मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, ‘तुमची फार आठवण येते.’ त्यावर तिच्या गोल अक्षरात उत्तर आलं, ‘आम्हां सर्वांनाही तुम्हां सर्वांची आठवण येते.’ आता मला सांगा, यात तुमचं किती आणि तिचं किती? मी ते पत्र उलटसुलट करून पाहिलं. सगळी माणसं हजर होती, तुम्हीच तेवढ्या दिसला नाहीत.

मग भाच्याने तुमच्या फोनमध्ये वाचून दाखवणारी बाई बसवली. तुम्ही कळवलंत की ती माझा निरोप लिफ्टचं दार बंद होतंय अशा सुरात वाचते, आणि असल्या सुरात कुणी खुशाली विचारली तर आपण आजारी असल्यासारखं वाटतं. म्हणून मी पाटी आणि टोचणी घेऊन बसलो. इतकी वर्षं ब्रेलच्या छापखान्यात काढलेला माणूस, पण कायम यंत्राच्या मागे. हाताने कधी टोचलंय कशाला? टोचायचं उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद उलटल्यावर सुलट लागतं, हे मी शेकडो मुलांना शिकताना पाहिलंय. तरी सरळ डावीकडून सुरुवात केली आणि पानभर टोचून पाठवून दिलं. तुमचं उत्तर आलं, ‘हे वाचायला मला आधी डोळे लागतील आणि मग आरसा.’ अक्षर भाचेसुनेचं होतं, पण बोलणं तुमचं. त्या एका ओळीवर मी आठवडाभर हसलो, आणि मग ठरवलं की यंत्रच उठवायचं.

आपला छापखाना बंद झाल्यापासून ठिपके छापणारं यंत्र अंधशाळेच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांमागे पडलं होतं. मुख्याध्यापिकांनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, बघा, जिवंत असलं तर कळवा. यंत्र ठणठणीत निघालं. तेल दिलं, दाते पुसले, रूळ हाताने फिरवला तर लोण्यासारखा फिरला. गेला होता तो त्याचा संगणक. आणि नव्या संगणकाला यंत्र जोडावं तर तो त्याला ओळखच देत नाही, बड्या घरी गेलेल्या सोयऱ्यासारखा. घोडं तिथेच अडलं. तुम्हाला आठवतं ना, आपल्या त्या जुन्या संगणकावर ना चित्रं, ना माऊस. काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत असायची. तुम्ही विचारायचात, आता काय दिसतंय? मी म्हणायचो, एक रेघ डोळे मिचकावतेय. तुम्ही म्हणायचात, म्हणजे तीही आपल्यासारखीच वाट बघतेय. मराठी मजकुराचे ठिपके करणारा आपला प्रोग्रॅम त्या काळ्या पडद्यावरच चालतो, दुसरीकडे त्याला करमत नाही. तो तुमच्या हाताखाली शिकलेला. त्याची एकेक चूक तुम्ही बोटाने पकडायचात आणि मी त्याला कान धरून सुधारायचो. असा प्रोग्रॅम भंगारात घालवायचा म्हणजे काय?

वाट दाखवली ती आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीने. तिला वाटलं, मी आपल्या प्रोग्रॅमच्या जुन्या फ्लॉप्या टाकायला आलोय. मी दुखणं सांगितलं तशी म्हणाली, अहो काका, ती अख्खी जुनी सिस्टीम एका पेन ड्राइव्हवर मावेल आणि वर क्रिकेट खेळायला जागा उरेल. संगणक चालू करताना त्याला सांगायचं की आज पोटातली सिस्टीम उठवू नकोस, या काडीवरून ऊठ. काम झालं की काडी काढायची. संगणक होता तसाच. मी म्हटलं, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हाच. तिने बाइंडिंगच्या पट्ट्यांखालून फ्लॉपी वाचायचं धूळ खाल्लेलं यंत्र काढलं. बिस्किटाच्या डब्यात जपलेल्या माझ्या फ्लॉप्या त्यात कुरकुरल्या, खोकल्या, पण वाचल्या. मी फायली काडीवर उतरवल्या आणि ऐटीत घरी आलो. काडी लावली, आणि काही म्हणता काही उठेना. मग पुस्तकं धुंडाळली, याला त्याला विचारलं, तेव्हा उजेड पडला की नुसतं सामान नेऊन टाकलं म्हणून बिऱ्हाड होत नाही. काडीच्या अगदी तोंडाशी ‘इथून ऊठ’ अशी खूण घालावी लागते, तरच संगणक आत डोकावतो. ती खूण घातली, सुनेच्या लॅपटॉपला काडी लावली, आणि बाई, ती रेघ आली. काळ्या पडद्यावर तशीच डोळे मिचकावत. तिला नमस्कार करायचाच काय तो बाकी राहिला.

त्या आनंदात काडी लॅपटॉपलाच राहिली. सकाळी सुनेची ऑफिसची बैठक. तिने झाकण उघडलं तर काळा पडदा, आणि वर ‘कागद नीट बसवा’ अशी सूचना. तिच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाली, बाबा, माझं ऑफिस कुठे गेलं? मी म्हटलं, काडी काढ आणि पुन्हा चालू कर, ऑफिस जिथल्या तिथे आहे. तसंच झालं. बैठक संपल्यावर काडी माझ्या हातावर ठेवत तिने विचारलं, कुणाला लिहायचंय एवढं? मी म्हटलं, छापखान्याचं काम आहे. ती बरं म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सूर मला मुलाच्या लग्नाआधी, त्याचं गुपित ओळखलेल्या त्याच्या आईच्या तोंडी ऐकल्याचं आठवलं. आज ती हयात असती तर तिनेही मनातल्या मनात हसून घेतलं असतं.

आता प्रश्न उरला यंत्राची जाड वायर जाईल अशा संगणकाचा. तो शाळेत एकच, कारकुनांच्या टेबलावर. तुम्ही त्यांना ओळखता. आपली पेन्सिलसुद्धा कुणाला देत नाहीत. ‘यात काही घालायचं नाही,’ म्हणाले. मी म्हटलं, घालत नाही, नुसतं दाराशी टेकतो. पाहुणा आला, ओसरीवर बसला, उठून गेला, घरातल्या भांड्याला हात नाही. त्यांनी मधल्या सुट्टीपुरती परवानगी दिली आणि हाताची घडी घालून माझ्या पाठीशी उभे राहिले. मी कळ दाबली. यंत्र एकदा कण्हलं, आणि मग जो खडखडाट सुरू झाला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. वर्गावर्गांतून पोरं धावत आली. ज्यांनी हा आवाज ऐकलेला होता ती ओरडली, पुस्तक, पुस्तक. एका चिमुरडीने पान ओढून घेतलं आणि तिथेच फरशीवर बसून वाचायला लागली. ती चाचणीची ओळ होती, ‘कागद संपला, कागद भरा.’ तिने ती गोष्टीची पहिली ओळ असावी अशा कौतुकाने वाचली, तशी कारकुनांची हाताची घडी सुटली.

तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत मी हे पत्र थोडं थोडं लिहितोय. लिहिलेलं काडीवर राहतं आणि काडी माझ्या खिशात. कारकुनांच्या संगणकाला विचारलंत तर तो शपथेवर सांगेल की असलं काही पत्र त्याने पाहिलंच नाही. मी अगदी निर्धास्त होतो. विसरलो ते आपल्या संगीताच्या मास्तरांना. डोळ्यांनी वाचणाऱ्यांपासून लपवायच्या नादात बोटांनी वाचणारा शाळेतच बसलाय हे माझ्या ध्यानात आलं नाही. यंत्रातून पान बाहेर येतंय तोच त्यांनी सहज बोट ठेवलं, वाट बघणाऱ्या त्या रेघेची ओळ वाचली, आणि विचारलं, ‘वा, हे कितवीचं पुस्तक?’ माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची घेऊनच आले. म्हणाले, इतकी पानं झाली, अजून तुमचं तेल आणि रूळच चाललंय. ताकाला जाऊन भांडं किती लपवाल, खटपट्या? बाई, तुम्ही ठेवलेल्या या नावानेच मला आता सगळे हाक मारतात. हे शेवटचं पान मात्र कारकुनांची मिनतवारी करून, मास्तर वर्गावर असताना काढतोय.

माझ्या प्रश्नाआधी एक कामाचं. पोरांची ती धावपळ पाहून मुख्याध्यापिकांनी ठरवलंय की छापखाना पुन्हा चालू करायचा. ध्वनिफिती आहेत, त्या राहतील, पण मुलांना शब्द हाताला लागला पाहिजे असं त्या म्हणतात. त्यांना मुद्रितं तपासणारं माणूस हवंय आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नाव एकच आहे. त्यांचं पत्र तुम्हाला वेगळं येईल, साध्या शाईचं. ते भाचेसुनेला खुशाल मोठ्याने वाचू द्या. राहायला शाळेची खोली आहे, दाराशी कठडा आहे, आणि कुणी हाताला धरलेलं तुम्हाला खपत नाही हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

आता माझं. त्या पत्राचा आणि याचा संबंध लावू नका. कामाला हो म्हणून मला नाही म्हटलंत तरी यंत्रामागे मी असेन, कागद वेळेवर भरीन, आणि तुमच्या कपाळाला आठी पडेल असं एक अक्षर बोलणार नाही. पण छापखाना बंद झाल्यापासून मला कळून चुकलंय की मला यंत्राचा आवाज आठवत नव्हता. तो थांबल्यावर तुम्ही पहिलं पान हातात घ्यायचात आणि खोलीत सगळं शांत व्हायचं, ते आठवत होतं. तुमच्या बोटाखाली माझं काम बरोबर निघेल की नाही, त्या धाकधुकीची मला इतकी सवय झालीय की तिच्याशिवाय दिवस अळणी जातो. म्हणून विचारतो. माझ्याशी लग्न कराल का? सुनेला सांगितलं आहे, मुलालाही. दोघं तयार आहेत, आणि सून तर म्हणाली की ऑफिस गेलं तेव्हाच तिला कळलं होतं. उत्तर पाटीवर टोचून पाठवा, म्हणजे तुमच्या घरी ते कुणाला वाचता येणार नाही. मी ते डोळ्यांनीच वाचेन. तुम्ही त्याला लबाडी म्हणता, म्हणा. विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या. या पत्रात चुका पुष्कळ सापडतील, पण तो प्रश्न मी पुन्हा पुन्हा तपासलाय, त्यात एकही ठिपका इकडचा तिकडे नाही.

तुमचाच,
खटपट्या