जिन्यातला उशिराचा ठोका

प्रिय लांबकाने,

तू धुऊनपुसून पाठवलेली ती नऊच्या नऊ जुनी गाणी तुझ्या बापाने परवा मला फोनवर ऐकवली. आता कसं सगळं स्वच्छ ऐकू येतं, असं तीनदा म्हणाला. स्वच्छ म्हणजे काय? गाणं आहे की फरशी? तरी मी खूश होते. नातीने केलेलं काम, नाकं कशाला मुरडायची? पण जिन्यातलं गाणं आलं आणि मी कपाळाला हात लावला. म्हणून लिहायला बसले. चौथीनंतर शाळा पाहिली नाही, तेव्हा माझ्या वेलांट्यांना हसू नकोस. फोनवर तू नुसतं हो आजी, हो आजी करतेस आणि तिकडे बटणं दाबत राहतेस. मला ऐकू येतात ती. लांब कान काही तुला एकटीलाच नाहीत.

तू विचारलं होतंस, पंचेचाळीस वर्षं झाली तरी ही गाणी शिळी का होत नाहीत, मला कव्हरवर चार ओळी लिहायच्या आहेत. अगं, शिळी व्हायला ती आधी ठेवावी लागतात. यांना ठेवायला वेळच कुठे होता? वर त्या गाणाऱ्यांचा रेकॉर्डिंगचा हॉल, खाली आमचा शिवणकारखाना. बत्तीस मशिनी एकदम चालल्या की वरच्या मजल्यावरची पाण्याची भांडीसुद्धा थरथरायची. तो कुरळ्या गाणारा पहिल्या दिवशी आमच्या मुकादमीणबाईंशी भांडायला आला आणि ऐकून घेऊन परत गेला. बाईंपुढे कोणाचं चाललंय? शेवटी ठरलं असं, की आमची जेवणाची सुट्टी अर्धा तास, तेवढ्यात त्यांनी गाऊन घ्यायचं. एका सुट्टीत एक गाणं. घंटा झाली की मशिनी सुरू, मग तुमचं कडवं अर्धं राहो नाहीतर पुरं. दोनदा सराव, एकदा खरं, संपलं. बस सुटताना माणूस जसा जीव खाऊन पळतो तसे ते गायचे. ते पळणं अजून ऐकू येतं, म्हणून ताजं वाटतं. हे लिही कव्हरवर. तुझ्या बापाला म्हटलं तर म्हणतो, आई, हे तांत्रिक कारण नाही. त्याला काय कळतंय? लहानपणी पाळण्यात हीच गाणी लावली की झोपायचा, जागेपणी कधी ऐकली आहेत?

तर जिन्यातलं गाणं. त्यांना टाळ्या हव्या होत्या आणि हॉलमध्ये टाळी मऊ पडायची. आम्ही जिन्यात डबे उघडून बसायचो, तिथे नुसतं खोकलं तरी तीन मजले घुमायचं. कुरळ्याने कठड्याला माइक टांगला आणि म्हणाला, बायांनो, डबे बाजूला ठेवा. आम्ही सहा जणी. हात भाजीचे, तसेच पुसले आणि टाळ्या वाजवल्या. डावीकडून तिसरी मी. त्या टाळ्यांच्या मागून, किंचित उशिरा, टिच्च असा एक बारीक ठोका येतो. आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले की तो माझा, शिवताना बोटात घालतो ते धातूचं अंगुस्तान काढायला मी विसरले. घरात माझी किती टिंगल झाली त्यावरून, तुला माहीतच आहे. आजीने गाण्याला टाका घातला म्हणे.

तो ठोका तू काढून टाकलास. चूक म्हणून. आणि टाळ्या अशा एका रेषेत आणून ठेवल्यास की आम्ही सहा जणी होतो की एक मशीन होतं तेच कळत नाही. शुक्रवारी कंपनीला देणार आहेस म्हणे.

आता खरं सांगते, आणि वाचून झाल्यावर हे पत्र कपाटात खाली टाक. तो ठोका माझा नव्हता. तुझ्या टाकेवाल्या आजीचा होता, तुझ्या आईच्या आईचा. तेव्हा आम्ही विहिणी नव्हतो, शेजारशेजारच्या मशिनींवर बसायचो. आदल्या आठवड्यात तिच्या डाव्या हाताच्या बोटातून सुई गेली होती, हाताला हे एवढं बँडेज. टाळी वाजवणार कशी? आम्ही म्हटलं तू बस. ती बसणारी आहे का? उजव्या हातातल्या अंगुस्तानाने लोखंडी कठड्यावर ठोकत राहिली. आमची टाळी ऐकून मग ठोकायची, म्हणून दर वेळी उशीर. रेकॉर्डिंगवाला वैतागून पुन्हा घेऊ म्हणाला, तेवढ्यात घंटा झाली. आपल्यामुळे गाणं बिघडलं म्हणून ती संध्याकाळपर्यंत रडली आणि मला शपथ घातली, कुणाला सांगू नकोस. तेव्हापासून तो ठोका मी माझ्या अंगावर घेतला.

काल तुझ्या मामाकडे तिला भेटायला गेले होते. तिला आता कुणाची नावं आठवत नाहीत, मला मुकादमीणबाई समजून उठून उभी राहते. ठोका गेला तरी काम नातीचं, म्हणून बघा तुमच्या नातीने काय केलंय, असं म्हणत तुझ्या बापाने फोनवर पाठवलेलं ते गाणं कौतुकाने लावलं. टाळ्या आल्या. तिचं बोट उठलं आणि पलंगाच्या कडेवर, बरोबर त्या जागी, उशिरा पडलं. गाण्यात काहीच वाजलं नाही. पुन्हा बोट पडलं, पुन्हा नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी आले नव्हते का त्या दिवशी?"

म्हणून आज तुला लिहितेय. शुक्रवारच्या आत तो ठोका होता तिथे ठेव. जितका उशिरा होता तितकाच उशिरा, नीटनेटका करायला जाऊ नकोस. आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. नावं विसरली असेल, पण शपथ मोडलेली ती विसरायची नाही.

तुझीच,
डावीकडून तिसरी